कडी न लावता झोपणारी माणसं: आपत्ती ओसरल्यावर मनात काय उरतं?

माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात फळीच्या अगदी कडेला स्टीलचे दोन पेले एकात एक घालून ठेवलेले असतात. त्यातून कुणी पाणी पीत नाही. घासायला काढले तरी संध्याकाळी परत त्याच जागी जातात. लहानपणी मला वाटायचं, देवाचा काहीतरी नेम असेल. मग एकदा मोठेपणी तिथं मुक्कामाला होतो. औसा तालुक्यातलं, भूकंपानंतर वसवलेलं गाव. रात्री रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, जमीन किंचित थरथरली आणि पेले किणकिणले. मी अंथरुणात उठून बसेपर्यंत आत्या अंगणात जाऊन उभी होती. साठी ओलांडलेली, गुडघे धरलेली बाई. दाराला कडी नव्हतीच. रात्री ती कधीच लावत नाही.

"ट्रक होता, आत्या."

"व्हय, कळलं मला," ती म्हणाली. "पर पाय थांबत न्हाईत."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. रिश्टर मापावर हा भूकंप सहाच्या थोडा वर होता, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. पण लातूर-उस्मानाबाद भागातली घरं दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची, वर माळवद, आणि त्या माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेला मातीचा आणखी एक थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मृतांचा आकडा कुठे आठ हजारांजवळ दिला जातो, कुठे दहा हजारांजवळ.

या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली. तरी आत्याचे पाय थांबत नाहीत. का? ती घाबरट आहे म्हणून? अजिबात नाही. विहिरीत उतरून कालवड काढणारी बाई आहे ती.

हे आता लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरमध्ये कुठे ना कुठे असं काही घडतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्या शेतांतून वाहिल्या, माती खरवडून गेली. बातम्यांत हेक्टर होते, जनावरं होती, पडलेली घरं होती. पंचनाम्याच्या कागदावर माणसाच्या मनासाठी रकाना नसतो, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

आधी एक शब्द समजून घेऊ

मानसशास्त्रात 'आघात' म्हणजे नुसतं मोठं दुःख नव्हे. जीव जाण्याची वेळ आपल्यावर किंवा आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्यावर येणं, आणि त्या क्षणी आपल्या हातात काहीही नसणं, हा आघात. त्याचे परिणाम महिनाभराहून जास्त टिकले आणि रोजचं जगणं अडवू लागले, तर डॉक्टर त्याला 'आघातोत्तर ताण विकार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. हे नाव १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत अधिकृतपणे आलं, व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. दुखणं मात्र माणसाइतकंच जुनं.

त्याची ओळख चार गोष्टींवरून पटते. प्रसंग नको तेव्हा परत समोर येतो, स्वप्नात किंवा जागेपणी. त्याची आठवण करून देणारं सगळं माणूस टाळू लागतो. मनावर सावट येतं. कशात रस नाही, कुणावर विश्वास नाही, 'मीच वाचवायला हवं होतं' ही टोचणी. आणि अंग कायम सावध राहतं: झोप उडालेली, लहानशा आवाजाने दचकणं, चिडचिड.

गावात हे शब्द कुणी वापरत नाही. गावात 'जीव घाबरा होतो', 'काळजात धस्स होतं', 'डोकं जड राहतं', 'हातापायात मुंग्या येतात' असं सांगतात. म्हणून असा माणूस आधी फिजिशियनकडे जातो, मग हाडांच्या डॉक्टरकडे, मग ईसीजी काढतो. रिपोर्ट नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, बघ, काही नाही तुला.

राखण्या आणि तलाठी

मेंदूत नेमकं काय होतं, हे सांगायला मी दोन माणसं उसनी घेतो. एक राखण्या, दुसरा तलाठी.

राखण्या म्हणजे रात्री माळ्यावर बसून पीक राखणारा. मेंदूत हे काम बदामाएवढा एक भाग करतो. त्याचं नाव ॲमिग्डला, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. पानं सळसळली की हा आधी हाळी देतो, मग बघतो रानडुक्कर आहे की वारा. विचार करायला तो थांबत नाही, कारण थांबला तर पीक गेलं. छातीत धडधड होते, हातपाय तापतात, तोंडाला कोरड पडते. शंभरातल्या नव्याण्णव वेळा हाळी फुकट जाते. त्याचं काही बिघडत नाही. शंभराव्या वेळी ती जीव वाचवते.

तलाठ्याचं काम नोंदीचं. कोणती घटना, कुठे, कधी, आधी काय, नंतर काय. मेंदूत हे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असतं. त्याने नोंदीवर तारीख टाकली की घटना दप्तरात जाते. मग ती आठवली तरी 'तेव्हाची' म्हणून आठवते. माझ्या लग्नातला गोंधळ आठवून मला हसू येतं, घाम फुटत नाही. त्यावर तारीख पडलेली आहे.

जीवघेण्या क्षणी राखण्या इतक्या जोरात ओरडत असतो की तलाठ्याला लिहिताच येत नाही. आवाज, वास, अंधार, धूळ तोंडात गेल्याची चव, हे सगळं खोल कोरलं जातं, पण तुकड्या-तुकड्यांत आणि बिनतारखेचं. संशोधकांचा आजचा साधारण समज असा आहे. मग पुढे कधी तसाच एखादा तुकडा समोर आला, भांडं किणकिणलं किंवा ओल्या मातीचा वास आला, की मेंदू ती नोंद काढतो. तारीख नसल्यामुळे ती 'आत्ताची' समजली जाते. आत्याला ट्रक आहे हे कळलं होतं. ते तलाठ्याला कळलं होतं. राखण्याने त्याच्या आधीच पाय हलवले.

पेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. किल्लारी परिसरात मोठ्या धक्क्याआधी वर्षभर, १९९२ पासून, जमिनीतून आवाज येत होते, लहान धक्के बसत होते. लोक आधी घाबरले, मग सरावले. सरावले आणि नेमकं तेव्हाच ते झालं. यातून त्या भागातल्या माणसांच्या मनाने काय धडा घेतला असेल? लहान धक्क्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला, तेव्हा आत्याच्या गावात कुणाचं काही पडलं नाही. पण त्या रात्री गावातले म्हातारे अंगणात झोपले आणि तरुण पोरं त्यांना हसली. दोघांचंही मला बरोबर वाटतं.

सगळ्यांचंच असं होतं का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. आपत्तीनंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, रडू येणं, सुन्न होणं, एकटक बघत बसणं, हे बहुतेकांचं होतं. तो आजार नाही. काट्याने पाय सुजावा तसं ते आहे. सूज हे शरीर काम करत असल्याचं लक्षण. बहुतांश माणसं काही महिन्यांत, फार औषधपाणी न करता, आपापल्या चालीने सावरतात. किल्लारीनंतर महिनाभराने मनोविकारतज्ज्ञांनी काही मोजक्या वाचलेल्या लोकांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत आघाताची किंवा नैराश्याची लक्षणं आढळली. हा आकडा अंगावर येतो खरा, पण तो एका छोट्या गटाचा आणि पहिल्या महिन्याचा आहे. तीस वर्षांनी तो तसाच राहत नाही.

जे मागे राहतात ते कोण? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं. जे स्वतः ढिगाऱ्याखाली किंवा पाण्यात अडकले. ज्यांना आधीपासून काही मानसिक त्रास होता. लहान मुलं, एकट्या पडलेल्या बायका, म्हातारी माणसं. पुरुषांचं दुखणं पुष्कळदा बाटलीत शिरतं, त्यामुळे ते दुखणं म्हणून मोजलंच जात नाही. गावाच्या लेखी तो 'बिघडला' एवढंच.

आणि पीटीएसडी हे काही एकमेव दुखणं नव्हे. नैराश्य, सततची चिंता, व्यसन हे त्याहून कमी नसतात. आपण एकच इंग्रजी नाव पाठ करून बसतो आणि शेजारी गप्प-गप्प होत गेलेली बाई नजरेतून सुटते.

दुसरी आपत्ती: रांग, शेड आणि नवं गाव

आता मला या लेखात जे खरं सांगायचं आहे ते. माणूस किती दिवस आजारी राहील, हे जमीन किती हादरली यावर जेवढं ठरतं, तेवढंच नंतरच्या दोन-तीन वर्षांत काय घडलं यावर ठरतं. काही वेळा त्यावरच जास्त.

किल्लारीनंतर ५२ गावं पूर्ण उचलून नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून मदत आली. त्या काळच्या मानाने ते काम प्रचंड होतं आणि आजही त्याचं नाव घेतलं जातं. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रस्ते सरळ आखलेले, ओळीने घरं. नकाशावर फार छान दिसतं.

आत्या सांगते, जुन्या गावात दळता-कांडता भिंतीपलीकडच्या जावेशी बोलता यायचं. नव्या गावात जाऊबाई तिसऱ्या ओळीत गेली. शेत लांब पडलं. देऊळ मागे राहिलं, पार मागे राहिला. तिला सगळ्यात जास्त काय आठवतं? जातं नाही, दागिने नाहीत. "संध्याकाळी दारात बसलं की कोण-कोण जातंय ते दिसायचं." ज्या रात्रीने तिची सासू आणि एक दीर नेला, त्या रात्रीबद्दल बोलायला तिला त्याच माणसांची गरज होती, जी त्या रात्री तिथं होती. आणि आखणीकाराच्या पट्टीने तीच माणसं पांगवली.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. भूकंपात टिकतील अशी घरं लवकर हवी होती, ती मिळाली. पण आघात झालेल्या मनाला आधी काय लागतं? उद्या काय होणार याची थोडी खात्री, ओळखीची माणसं, आणि आपल्या हातात काहीतरी आहे ही भावना. त्या रात्री नेमक्या याच तीन गोष्टी हिरावल्या गेलेल्या असतात. पत्र्याच्या शेडमधली दोन-तीन वर्षं, रोज नव्या कागदाची मागणी, यादीत नाव आहे की नाही याची धाकधूक, यांतून त्या परत मिळत नाहीत. उलट रोज थोड्या-थोड्या जातात. जखमेवरची खपली रोज काढल्यासारखं.

माळीणचं उदाहरण घ्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. रोजच्या एसटीच्या चालकाला गावच जागेवर दिसेना, तेव्हा जगाला कळलं. एप्रिल २०१७ मध्ये नवं माळीण तयार झालं, पक्की घरं, शाळा, सगळं. आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. अभियंत्यांच्या दृष्टीने ती दुरुस्तीची बाब. पण ज्याचं आख्खं घर एकदा मातीने गिळलंय, त्याला ती भेग कशी दिसली असेल? राखण्याला कुणी विचारतं का, ही भेग किती मिलिमीटरची म्हणून.

"पाणी किती फुटावर आहे?"

भूकंप न सांगता येतो. पूर सांगून येतो, आणि त्याचा त्रास वेगळाच असतो.

कोल्हापूरकरांना ३९ आणि ४३ हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. २००५ ला पूर आला तेव्हा 'शंभर वर्षांत एकदा' म्हणाले. मग २०१९ ला त्याहून मोठा आला, आणि दोनच वर्षांनी २०२१ ला परत. कोकणात चिपळूणने २२ जुलै २०२१ ला एका रात्रीत बाजारपेठ बुडताना पाहिली.

माझे एक मित्र कोल्हापुरात पुराच्या पट्ट्यात राहतात. जुलै लागला की त्यांच्या फोनवर दर तासाला पातळी येते. पहाटे तीनला उठून बघतात. आकडा ३६ असला तरी झोप नाही, कारण तो ३५ होता. फ्रिज २०१९ पासून सिमेंटच्या ओट्यावर आहे, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या बरणीत, गादी पहिल्या मजल्यावर. याला आजार म्हणायचं की शहाणपण? खरं तर दोन्ही, आणि त्यातलं अंतर फार बारीक आहे. साधी कसोटी अशी: तयारी करून झाल्यावर माणसाला झोप लागते का? लागत असेल तर ते शहाणपण. बरणी भरून, फ्रिज चढवून, गाडी उंचावर लावूनही जो डोळे उघडे ठेवून बसतो, त्याला मदत लागते.

पाऊस आपल्या कवितांतला, गाण्यांतला लाडका. ज्याच्या घरात गळ्यापर्यंत पाणी आलं त्याचा पावसाळा कायमचा नासतो, हे नुकसान कुठल्या दराने मोजायचं?

ज्यांचा देह मिळाला नाही

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला नीट रस्ता नाही, यंत्रं पोचली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते.

बेपत्ता या शब्दावर जरा थांबायला हवं. एरवी सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाला कायदा मृत मानतो. अशा आपत्तीत सरकार सवलत देऊन लवकर दाखला देतं. कागद पुढे सरकतो. मनाचं काय? आपल्याकडे शेवटची आंघोळ, खांदा, माती किंवा अग्नी, मग दहावं-तेरावं, हे सगळं नुसतं कर्मकांड म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मीही होतो. आता तसं वाटत नाही. पिंडाला कावळा शिवला की रडणारी माणसं उठून हात धुतात, पंगत बसते. तलाठी तारीख टाकतो. हे सगळं घडतच नाही तेव्हा दुःख उंबरठ्यावर अडकून राहतं: गेला म्हणायचं धाडस होत नाही, येईल म्हणायला जागा नाही.

असं अडकलेलं दुःख सहा महिन्यांहून अधिक काळ तसंच तीव्र राहिलं आणि माणूस कशातच परतला नाही, तर त्याला 'लांबलेला शोक' म्हणून वेगळं ओळखलं जातं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला जागा मिळाली. कुणी म्हणेल, आता रडण्यालाही आजार म्हणणार का? सहा महिन्यांनी डोळ्यांत पाणी येणं हा आजार नव्हे. सहा महिन्यांनीही रोज दोन ताटं वाढणं, हे मात्र बघायला हवं.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"

हा आक्षेप प्रत्येक घरात असतो. बहात्तरचा दुष्काळ पाहिला, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली. कुणाला डिप्रेशन आलं नाही. मी वाद घालत नाही, फक्त विचारतो: त्या वेळी गावात 'याड लागलेली' कुणी होती का? कुणाला 'बाहेरचं' झालं होतं का? कुणी एकाएकी गाव सोडून वारीला लागला आणि परत आलाच नाही, असं कुणी? थोडा वेळ शांतता होते, मग दोन-तीन नावं निघतातच. तेव्हा दुखणं होतं, नाव दुसरं होतं.

मात्र या आक्षेपात तथ्यही आहे. तेव्हा माणूस एकटा सुटत नसे. खडी फोडायला आख्खं गाव एकत्र बसायचं, आणि दिवसाचं काम ठरलेलं असायचं. आजच्या तज्ज्ञांना विचारलं तर तेही हेच सांगतात: लवकरात लवकर हाताला काम आणि आजूबाजूला आपली माणसं.

दुसरा आक्षेप जास्त कडू आहे: भरपाईसाठी नाटकं करतात. मृत्यूसाठी वारसांना ४ लाख रुपये, घरासाठी, पिकासाठी, जनावरासाठी ठरलेले दर आहेत. मन मोडल्याबद्दल एक रुपयाही नाही. मग नाटक कशासाठी करायचं?

"बोलून टाक, मोकळं वाटेल"

हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि पुष्कळदा चुकतो. १९८० च्या दशकात एक पद्धत निघाली: आपत्तीतून वाचलेल्यांना पहिल्या काही दिवसांतच एकत्र बसवून, काय-काय पाहिलं ते एकदा सविस्तर बोलून घ्यायचं. ऐकायला पटणारं. नंतर काळजीपूर्वक तुलना केल्यावर दिसलं की त्याने पुढचा त्रास कमी होत नाही, काहींचा तर वाढतो. कारण उघड आहे. राखण्या अजून ओरडतोय आणि आपण त्याच्या हातात परत टेंभा देतोय. जागतिक आरोग्य संघटना आता अशी सक्तीची उजळणी करू नका असंच सांगते.

(कॅमेरा घेऊन ढिगाऱ्यापाशी 'आपल्याला कसं वाटतंय?' विचारणाऱ्यांनी हे वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे.)

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सांगितला जातो. २०११ मधल्या त्याच्या मार्गदर्शिकेचं सूत्र तीन गोष्टींचं: बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला तातडीची गरज आहे ते बघा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. आणि त्याला त्याच्या माणसांशी, जेवणाशी, दवाखान्याशी, योग्य माहितीशी जोडून द्या. यातलं बरंचसं आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपजत येतं. पिठलं-भाकरी घेऊन येणारी आणि काहीही न विचारता चूल सारवून जाणारी बाई हेच करत असते.

मुलं विसरतात का?

मोठी माणसं तसं धरून चालतात. मुलं सांगत नाहीत एवढंच. सहा वर्षांचं पोर परत अंथरूण ओलं करू लागतं, आईचा पदर सोडत नाही. किंवा मातीचं घर करून त्यात बाहुली पुरण्याचा खेळ दिवसभर खेळतं. त्या खेळावर ओरडू नये. शाळा मात्र लवकर सुरू व्हावी, झाडाखाली का होईना, कारण घंटा वाजणं हे मुलासाठी जग जागेवर असल्याचा पुरावा असतो. किल्लारीनंतर शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणलं; त्यातली अनेक शिकून पायावर उभी राहिली. त्यांना गाव सुटल्याचं काय वाटलं असेल, हा प्रश्न मला त्या यशाच्या शेजारी ठेवावासा वाटतो.

मग इलाज काय?

इलाज आहे आणि तो गुणकारी आहे. सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर, सुरक्षित जागी, ठरलेल्या वेगाने त्या आठवणीकडे थोडं-थोडं जाणं. वर ज्याला नको म्हटलं त्यात आणि यात फरक काय? तिथे पहिल्या आठवड्यात एका दमात सगळं. इथे काही काळ गेल्यावर, माणसाच्या मर्जीने, पायरी-पायरीने. पोहायला शिकवताना आधी घाटाच्या वरच्या पायरीवर बसवतात, कुणी पोराला मध्यावर ढकलत नाही. अशा दहा-बारा बैठकांत तलाठी मागे जाऊन नोंदीवर तारीख टाकतो. आठवण राहते, पण ती १९९३ ची राहते. गरज पडली तर नैराश्यावरची औषधंही उपयोगी पडतात. दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्या राखण्याला गप्प करतात, तलाठ्याचं काम करत नाहीत, आणि सवय लागते ती वेगळीच.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्येच आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कागद आहे. गावाकडून मनोविकारतज्ज्ञापर्यंतचा रस्ता मात्र अजून लांब आहे. टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. नाव नाही सांगितलं तरी चालतं.

हा नंबर मी आत्याच्या फोनमध्ये घालून दिला. "त्यास्नी सांगू काय?" तिने विचारलं. म्हटलं, पेल्यांचं सांग. ती हसली. नंबर लावला की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. पेले अजून फळीवर आहेत. यंदा गणपतीत गेलो तेव्हा रात्री तिचं दार लोटलेलं होतं. आधी ते सताड उघडं असायचं. कडी लावलेली नव्हती.